रानगुलाबाची फळं: झुडपापासून बाटलीपर्यंत

गुलाब म्हटला की आपल्याला पाकळी आठवते. गुलकंद पाकळीचा, गुलाबपाणी पाकळीचं, देवाला वाहायचं ते फूल. युरोपातल्या रानगुलाबाची पाकळी मात्र फिकट, पातळ असते आणि दोन दिवसांत गळून जाते. तिथल्या घरगुती औषधात आणि स्वयंपाकात मान आहे तो त्याच्या फळाला. सप्टेंबरपासून शेताच्या कुंपणांवर, रेल्वेरुळांकडेला, टेकड्यांच्या उतारांवर ही नारिंगी-लाल फळं लटकलेली दिसतात. इंग्लंडमध्ये त्यांना रोझहिप म्हणतात, जर्मनीत हागेबुटे, स्वीडनमध्ये न्यूपॉन. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना ही झुडपं रोज दिसतात, पण त्या फळाचं काय करायचं हे सहसा कोणी सांगत नाही.

या झाडाचं शास्त्रीय नाव रोझा कॅनिना, म्हणजे कुत्र्याचा गुलाब. हे नाव फार जुनं आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर याचं मूळ चालतं अशी समजूत रोमन काळात होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने चावा बसलेला एक सैनिक या मुळाने वाचल्याचं लिहून ठेवलं आहे. ती समजूत निव्वळ चूक आहे. कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच रेबीजची लस घ्यायची. तिथे कोणत्याही मुळीवर वेळ घालवायचा नाही.

झुडूप ओळखणं

एक ते पाच मीटर उंचीचं, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्यांचं झुडूप. काटे मांजराच्या नखासारखे खाली वळलेले. एका पानाला पाच किंवा सात पर्णिका. फुलं जून-जुलैमध्ये येतात, पाच पाकळ्यांची, चार ते सहा सेंटीमीटर रुंद, पांढरी ते फिकट गुलाबी. फळ लांबट, दीड-दोन सेंटीमीटरचं आणि गुळगुळीत.

फुलामागच्या हिरव्या निदलांवर इंग्लंडमध्ये एक जुना उखाणा आहे: पाच भाऊ एकाच वेळी जन्मले, दोघांना दाढी, दोघे सफाचट आणि पाचव्याला अर्धीच दाढी. खरोखरच दोन निदलांच्या दोन्ही कडांना झालरीसारखे फाटे असतात, दोघांच्या कडा साध्या असतात आणि पाचव्याच्या एकाच कडेला फाटे असतात. कळीत निदलं एकमेकांवर चढलेली असतात. जी कड दुसऱ्याखाली झाकली जाते ती साधी राहते, उघड्या कडेला फाटे फुटतात. फूल हातात घेऊन हे एकदा पाहा, पुन्हा विसरणार नाही. फळ पिकण्याआधी ही निदलं मागे वळतात आणि गळतात, म्हणून पिकलेल्या फळाच्या टोकाला फक्त एक लहान वाटोळा डाग उरतो.

फळ पिकूनही निदलं टोकाला तशीच असतील आणि पान चुरगळल्यावर सफरचंदाचा वास येत असेल, तर तो स्वीट ब्रायर, म्हणजे रोझा रुबिगिनोसा. फळं छोट्या टोमॅटोसारखी चपटी आणि मोठी, पानं सुरकुतलेली आणि फांद्यांवर सरळ काट्यांची दाटी असेल तर तो रोझा रुगोसा. हा मूळचा पूर्व आशियातला; आता युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि वाहनतळांच्या कडेला सगळीकडे दिसतो. दोन्हींची फळं चालतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने खरं तर रुगोसानेच सुरुवात करावी. गर जाड असतो आणि साफ करायला निम्मा वेळ लागतो.

घोटाळा होतो तो वेलींमुळे. इंग्लंडच्या कुंपणांत ब्लॅक ब्रायनी नावाची विषारी वेल याच झुडपांवर चढते. तिची लाल चकचकीत फळं माळेसारखी लोंबतात. बिटरस्वीट नाइटशेडची लाल फळंही अशीच गुलाबाच्या फांद्यांत गुंतलेली सापडतात, तीही विषारी. दोन्हींना काटे नसतात, फळ दाबलं की रसदार आणि मऊ लागतं. गुलाबाचं फळ कठीण असतं, त्याचा देठ काटेरी फांदीतूनच निघालेला असतो, आणि कापल्यावर आत केसाळ, कडक बिया दिसतात. मूठभर फळं एकदम ओरबाडू नका. एकेक तोडलं तर चुकीचं फळ टोपलीत येत नाही.

कुठून आणि केव्हा तोडायची

वाहत्या रस्त्यालगतची आणि फवारणी होणाऱ्या शेताच्या बांधावरची झुडपं सोडून द्या. फुलवाल्याकडच्या किंवा रोपवाटिकेतल्या गुलाबाची फळं तर मुळीच वापरू नका. त्यांच्यावरची काही औषधं झाडाच्या आत शिरतात, धुऊन जात नाहीत.

कायद्याची अडचण सहसा येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टनुसार रानात आपोआप उगवलेल्या झाडाची फळं स्वतःसाठी तोडणं चोरी ठरत नाही, विकण्यासाठी तोडली तर ठरते. जर्मनीत निसर्गसंरक्षण कायदा घरच्या वापरापुरतं, थोड्या प्रमाणात तोडू देतो. स्वीडनमध्ये तर रानात फिरण्याचा आणि रानमेवा तोडण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे. राखीव जागेत मात्र तिथला फलक आधी वाचावा.

सरबतासाठी आणि वाळवण्यासाठी फळ पूर्ण रंगलेलं पण कडक हवं. मऊ पडू लागलं की त्यातलं क जीवनसत्त्व घटायला लागतं. चटणीसारखा गर करायचा असेल तर उलट. पहिलं गोठणारं दव पडून फळ मऊ होऊ द्या, किंवा कडक फळं एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फाने पेशी फुटतात आणि गर सहज सुटतो. जाड हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घाला. वाकडे काटे कपड्यात शिरतात ते बाहेर पडताना अडकतात. एका झुडपाची निदान एक तृतीयांश फळं राहू द्या. हिवाळ्यात थ्रश जातीचे पक्षी, ब्लॅकबर्ड आणि ग्रीनफिंच ही फळं खातात.

केस: सगळ्या त्रासाचं मूळ

हे फळ म्हणजे फुलाची फुगलेली, मांसल बैठक. आत ज्यांना आपण बिया म्हणतो तीच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळं, आणि त्यांच्याभोवती बारीक, ताठ, टोकदार केस असतात. आपल्याकडच्या खाजकुयलीच्या शेंगेवरच्या केसांची आठवण व्हावी असे. खाजकुयलीच्या केसात खाज आणणारं प्रथिनही असतं, इथे नुसतं टोचणंच असतं, पण घशात, आतड्यात आणि शेवटी गुदद्वाराशी खाज आणायला ते पुरतं. युरोपातली शाळकरी पोरं हेच केस एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकतात. पुढची प्रत्येक कृती फसते ती बहुतेक वेळा या केसांपायी.

ते काढायच्या दोन रीती आहेत. ओलं फळ असेल तर देठ आणि टोक कापा, उभे दोन भाग करा आणि चहाच्या लहान चमच्याच्या टोकाने बिया-केस खरवडून काढा. मग वाट्या चाळणीत घेऊन गार पाण्याच्या धारेखाली बोटांनी फिरवत दोन-तीनदा धुवा. रबरी हातमोजे घाला, आणि काम संपेपर्यंत डोळ्याला हात लावू नका. एक किलो फळांना एका माणसाला सहज दीड-दोन तास लागतात.

दुसरी रीत वाळवणीची, आणि काढ्यासाठी आम्ही तीच सुचवू. अख्खी फळं वाळवा, मिक्सरमध्ये एक-दोन सेकंदांचे तीन-चार झटके देऊन भरड करा, आणि ती भरड बारीक तारेच्या चाळणीत घेऊन घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकावर रुमाल बांधून हलवा. केस पीठासारखे खाली पडतात, गराचे तुकडे आणि बिया वर राहतात. मिक्सर सलग फिरवला तर मात्र केसही तुटून बारीक होतात आणि गराला चिकटून बसतात. मग ते चाळणीने सुटत नाहीत.

सरबत

१९४१ मध्ये युद्धामुळे ब्रिटनमध्ये संत्री येणं जवळपास थांबलं. मुलांना क जीवनसत्त्व कुठून द्यायचं हा प्रश्न सरकारने याच फळाने सोडवला. शाळकरी मुलं आणि महिला मंडळं टनांनी फळं गोळा करत आणि त्यांचं सरबत बाटलीतून लहान मुलांना मिळे. त्या काळी अन्न मंत्रालयाने घरोघर पोचवलेली कृती आजही सगळ्यात पक्की आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक पायरीमागे रसायनशास्त्र आहे. फळ कापलं की त्याच्या पेशीतलं एक विकर (एन्झाइम) हवेच्या मदतीने क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट करू लागतं. उकळत्या पाण्यात ते विकर लगेच मरतं. म्हणून आधी फळं चिरून ठेवून मग निवांत पाणी तापवत बसलात, तर सगळा खटाटोप वाया जातो.

लागेल ते: ९०० ग्रॅम फळं, दोन वेळा मिळून अडीच लिटर पाणी, ५६० ग्रॅम साखर. भांडं स्टीलचं किंवा न उडालेल्या एनॅमलचं. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी चालणार नाही. तांबं क जीवनसत्त्वाचा नाश वाढवतं आणि लोखंडाने रस काळपट पडतो.

१. १.७ लिटर पाणी पातेल्यात खळखळ उकळवा. ते उकळू लागल्यावरच फळं भरड करायला घ्या. मिक्सरमध्ये थोडी थोडी घेऊन झटक्यांनी वाटा आणि प्रत्येक घाणा झाला की लगेच उकळत्या पाण्यात टाका.

२. पुन्हा उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवा. पंधरा मिनिटं.

३. स्वच्छ सुती पंचा चौपदरी करून उकळून पिळून घ्या आणि चाळणीवर पसरा. त्यातून रस गाळा. सुरुवातीला पडणारा अर्धा कप रस परत पंच्यात ओता, कारण केस पहिल्या धारेबरोबर जास्त येतात. पंचा पिळायचा नाही. आपोआप ठिबकू द्या, तासभर लागला तरी चालेल. पिळलात की केस कापडातून पलीकडे जातात आणि घशाला टोचणारं सरबत तयार होतं.

४. पंच्यातला चोथा परत पातेल्यात घ्या, त्यावर ८५० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा तसंच गाळा.

५. दोन्ही रस एकत्र करून नव्या, धुतलेल्या पंच्यातून एकदा परत गाळा. ही पायरी लोक वगळतात आणि पस्तावतात.

६. रस मोठ्या आचेवर उकळून ८५० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. रुंद पातेलं घेतलं तर लवकर आटतो, आणि जितका कमी वेळ आच तितकं जीवनसत्त्व जास्त टिकतं.

७. साखर घालून विरघळवा, आणखी पाच मिनिटं उकळा. आपल्या सवयीने एकतारी पाक करायला जाऊ नका. पाक घट्ट झाला की रंग तपकिरी होतो आणि फळाचा आंबटसर, जरा जर्दाळूसारखा स्वाद जातो.

८. गरम, उकळून कोरड्या केलेल्या लहान बाटल्यांत कडेपर्यंत भरा आणि लगेच झाकण लावा.

लहान बाटल्या मुद्दाम. या सरबतात साखर बेताची आहे, मोरावळ्यासारखी टिकवणारी नाही. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये आठवडा, फार तर दोन आठवडे चांगली राहते, मग आंबते. जास्त दिवस ठेवायचं असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, पण बाटली वरून तीन बोटं रिकामी सोडून, कारण गोठताना ते फुगतं. बाटल्या अंधारात ठेवा.

घ्यायचं दिवसाला एक-दोन चमचे, नुसतं किंवा कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात घालू नका. तान्ह्या बाळाच्या चोखणीला लावायची जुनी सवय कुठे असेल तर ती सोडा. आंबट आणि गोड एकत्र दातावर राहिलं की दुधाचे दात किडतात.

वाळवणं आणि काढा

वाळवताना उष्णता ४० ते ६० अंशांच्या मधे ठेवा. डीहायड्रेटर नसेल तर ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर ठेवून दारात लाकडी उलथणं अडकवा म्हणजे वाफ बाहेर जाते. अख्ख्या फळांना दीड-दोन दिवस लागतात, अर्ध्या केलेल्यांना एक रात्र. उत्तर युरोपातल्या ऑक्टोबरच्या उन्हात वाळवायला ठेवलीत तर आतून बुरशी धरते. वाळलेलं फळ दोन बोटांत दाबल्यावर कडकडून फुटलं पाहिजे. चामड्यासारखं वाकलं तर अजून ओल आहे. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज पाहा. काचेवर आतून दमटपणा दिसला तर पुन्हा वाळवा.

केस काढलेली भरड दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा सपाट भरून, घ्या. त्यावर कपभर उकळतं पाणी ओता, झाकून दहा ते पंधरा मिनिटं ठेवा आणि कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. चहासारखं तीन मिनिटांत गाळलंत तर नुसतं गरम पाणी हाती येईल, कारण वाळलेला गर हळू भिजतो.

काढ्याचा रंग फिकट सोनेरी-नारिंगी येतो. दुकानातल्या पुडीचा लालभडक येतो म्हणून आपला बिघडला असं वाटून घेऊ नका. जर्मनीत मिळणाऱ्या बहुतेक हागेबुटे चहात हिबिस्कस मिसळलेला असतो, आणि हे हिबिस्कस म्हणजे आपली लाल अंबाडीच. तो लाल रंग आणि बराचसा आंबटपणा अंबाडीच्या बोंडांचा. घरी लाल अंबाडीची वाळलेली बोंडं असतील तर दोन घाला, चव खरंच सुधारते.

जर्मनीत श्वाबिया भागात बियाही टाकत नाहीत. केस पूर्ण धुऊन काढलेल्या बिया वाळवून त्यांचा वेगळा काढा करतात. अर्धा मोठा चमचा बिया दोन कप पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळाव्या लागतात. किंचित व्हॅनिलाची आठवण देणारी चव असते.

स्वीडिश न्यूपॉनसोप्पा

हे गोड सूप स्वीडनमध्ये मुलांना न्याहारीलाही देतात आणि थंडीत थर्मासमध्येही नेतात. केस काढलेली २०० ग्रॅम वाळलेली फळं दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. त्याच पाण्यात अर्धा तास मऊ होईपर्यंत शिजवा, मिक्सरमध्ये वाटा आणि बारीक चाळणीतून गाळा. घट्ट झालं असेल तर पाणी घाला. परत आचेवर ठेवून अर्धी वाटी साखर घाला. एक मोठा चमचा बटाट्याचा स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून, सूप ढवळत असतानाच बारीक धारेने ओता. पहिला बुडबुडा आला की उतरवा. जास्त उकळलं तर बटाट्याचा स्टार्च सैल पडून सूप पुन्हा पातळ होतं. वर व्हॅनिला आइस्क्रीम किंवा फेटलेली साय आणि बदामाची छोटी बिस्किटं.

दक्षिण जर्मनीतला गर, ज्याला फ्रँकोनिया भागात हिफेनमार्क म्हणतात, तो असाच. साफ केलेली एक किलो फळं अर्धा लिटर पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून घासायची, गराच्या निम्मी साखर घालून दहा मिनिटं उकळायची. तिकडे कार्निव्हलच्या दिवसांत तळलेल्या गोड क्राप्फेनच्या पोटात हा गर भरतात.

पाकळ्या

जूनमध्ये, दव सुकल्यावर, नुसत्या पाकळ्या ओढून घ्या. मधला भाग तसाच ठेवला की शरद ऋतूत फळ धरतं. परंपरेने या पाकळ्या तुरट म्हणून वापरतात. बरणी सैलसर भरून त्यावर पाकळ्या बुडतील इतका सफरचंदाचा व्हिनेगर ओतायचा, दोन-तीन आठवडे अंधारात ठेवून गाळायचा. डोकं दुखताना तो पाण्यात पातळ करून कपाळावर पट्टी ठेवतात. गुलकंद करायचा मोह होईल, पण करू नका. एका फुलाला पाचच पाकळ्या, त्याही कागदासारख्या आणि मंद वासाच्या. खूप साखरेत थोडंसं गवत असं काहीतरी हाती येतं. गुलकंदाला आपला देशी गावठी गुलाबच हवा.

औषध म्हणून किती आशा धरायची

ताज्या रानगुलाबफळात १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. आवळ्याच्या पंगतीत बसणारं हे फळ आहे. क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या स्कर्व्हीवर ते खरोखर चालतं. सर्दी-पडशात कोमट सरबत घशाला बरं वाटतं आणि काढ्याने लघवीला थोडं जास्त होतं असं परंपरेने मानतात. वाळवल्यावर मात्र जीवनसत्त्व बरंच उडतं, तेव्हा वाळलेल्या फळाचा काढा क जीवनसत्त्वासाठी पिऊ नये. चवीसाठी आणि ऊबेसाठी प्यावा.

गुडघेदुखीवर फळाची भुकटी देतात. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये झालेल्या छोट्या चाचण्यांत दिवसाला ५ ग्रॅम भुकटी काही महिने घेतल्यावर संधिवाताचं दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं. ती भुकटी कारखान्यात विशिष्ट रीतीने केलेली होती. घरच्या चाळलेल्या भरडीकडून तेवढीच अपेक्षा ठेवू नका, आणि चालू गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नका.

ऑक्झलेटचा मूतखडा झालेल्यांनी आणि शरीरात लोह साठण्याचा आजार असणाऱ्यांनी सरबत आणि भुकटी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मधुमेह असेल तर सरबतापेक्षा बिनसाखरेचा काढा बरा. आणि कोणत्याही कृतीनंतर घशात खवखव किंवा गुदद्वाराशी खाज सुटली तर ती अ‍ॅलर्जी समजण्याआधी बाटली उजेडात धरून पाहा. तळाशी बारीक केस तरंगताना दिसतील. मग ती बाटली कॉफीच्या कागदी गाळणीतून पुन्हा गाळून, एक उकळी देऊन भरा.